बाळंतपणाआधी जमवलेल्या वस्तू: बाळ रांगायला लागल्यावरचा अनुभव

आमचं बाळ आता घरभर रांगतं. त्यामुळे गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आम्ही जे जमवलं, शिवलं, उसनं आणलं, त्यातलं काय रोज हाताला लागलं आणि काय कपाटातच राहिलं, हे खात्रीने सांगता येतं. माझं मत आधीच सांगते. बाळाला वस्तू फार थोड्या लागतात. बाळंतिणीला मात्र बऱ्याच लागतात, आणि तयारीच्या बहुतेक याद्यांमध्ये नेमका तोच भाग शेवटच्या दोन ओळींत उरकलेला असतो.

सर्वांत जास्त वापरली गेलेली वस्तू म्हणजे अंगाएवढी लांब, वळलेली उशी. २८ आठवड्यांनंतर कुशीवर झोपायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो. मधेच जाग आली आणि आपण पाठीवर आहोत असं दिसलं तर घाबरायचं काही कारण नाही, परत कुशीवर वळायचं, एवढंच. उशीचं एक टोक पोटाखाली, एक गुडघ्यांमध्ये आणि मधला भाग पाठीशी, अशी झोपले की कंबर आणि मांड्यांचे सांधे सकाळी कमी दुखायचे. दोन्ही बाजूंनी वेढणारी मोठी उशीही मी वापरून पाहिली, पण रात्री सारखं लघवीला उठायचं असतं आणि तिच्यातून बाहेर पडणं अवघड जातं. एका बाजूची पुरे. बाळ झाल्यावर हीच उशी पाजताना हाताखाली आली आणि अजूनही येते. खोळ निघणारी आणि धुता येणारी हवी, हे मात्र नक्की. बाळाच्या अंथरुणात ती कधीही ठेवायची नाही.

एक साधी वही तिच्याइतकीच महत्त्वाची ठरली. रोज ठरावीक वेळी शांत पडून बाळाची हालचाल टिपायची. मोबाइलवर त्यासाठी ॲप असतात, पण वही उशाशी उघडी असायची आणि घरातलं कोणीही वाचू शकायचं, म्हणून मला तीच बरी वाटली. शेवटी शेवटी पोटात जागा उरत नाही, म्हणून बाळ कमी हलतं, असं तुम्हाला दहा जण सांगतील. ते खरं नाही. हालचालीचा प्रकार बदलू शकतो, लाथांऐवजी वळवळ जास्त जाणवते, पण हालचाल कमी होणं ही साधी गोष्ट नाही. नेहमीपेक्षा कमी वाटलं तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी दवाखान्यात फोन करायचा. इतक्या महिन्यांच्या अनुभवातून एकच सल्ला द्यायचा झाला तर मी हाच देईन.

बॅग ३६ व्या आठवड्यात भरून ठेवली. डॉक्टरांनी दिलेल्या नेमक्या तारखेला शंभरातली जेमतेम चार-पाच बाळं जन्मतात, त्यामुळे तारखेवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. आम्ही कळांच्या वेळचं सामान आणि नंतरचं सामान अशा दोन वेगळ्या पिशव्या केल्या, आणि ते फार सोयीचं पडलं. पहिलीत सगळ्यात वर फाइल, तिच्या पहिल्याच पानावर रक्तगट, ॲलर्जी आणि चालू औषधं. त्याखाली लांब वायरचा चार्जर, नळीवाली पाण्याची बाटली, ओठांना लावायचं मलम (तोंडाने श्वास घेऊन ओठ फार कोरडे पडतात) आणि पुढून उघडणारा सैल गाऊन. दुसरीत कमरेच्या वर येणाऱ्या सैल चड्ड्या. सिझेरियन झालंच तर इलास्टिक टाक्यांवर यायला नको, म्हणून त्या तशा घेतल्या. नवऱ्याने बॅग स्वतःच्या हाताने भरली होती. ऐन वेळी काय कुठे आहे हे त्याला विचारावं लागलं नाही, कारण ते त्यालाच ठाऊक होतं.

आता बाळंतिणीचं सामान. अंगावरून चार ते सहा आठवडे जातं, सुरुवातीचे दिवस भरपूर जातं. त्यासाठी जाड, लांब पॅड भरपूर हवेत आणि ते आधीच घरात हवेत. दुसरी वस्तू अगदी साधी: वाकडं तोंड असलेली मऊ प्लास्टिकची बाटली. टाके असताना लघवी करताना तिने कोमट पाणी सोडत राहिलं की आग होत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत या बाटलीने मला जेवढा आराम दिला तेवढा दुसऱ्या कशानेच दिला नाही. तिसरी वस्तू पाय ठेवायला लहान स्टूल, कारण पहिल्यांदा शौचाला बसायची भीती खरी असते, आणि गुडघे वर आले की जोर कमी लावावा लागतो. स्तनाग्रांना लावायचं लॅनोलिनचं मलम पहिल्या आठवड्यात कामी आलं. पण भेगा पडत असतील तर मलमाआधी बाळ स्तन नीट तोंडात घेतंय का, हे जाणकार नर्सकडून पाहून घ्यावं. मूळ दुखणं बहुधा तिथेच असतं.

मला सगळ्यात अभिमान वाटतो तो आमच्या रात्रीच्या कोपऱ्याचा. नवं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. म्हणजे रात्रीच्या रात्री तुम्ही एकाच खुर्चीत बसणार आहात. ती खुर्ची आम्ही आठव्या महिन्यात निवडली: पाठ सरळ टेकणारी, हात ठेवायला जागा असलेली, बाळ कडेवर घेऊन एका हाताच्या आधाराने उठता येईल एवढ्या उंचीची. शेजारी मंद पिवळा दिवा, टोपलीत नॅपी, पुसायला मऊ कापडं, बदलायला झबलं, खांद्यावर टाकायला फडकं, पाणी आणि खाऊचा डबा. रोज संध्याकाळी ती टोपली भरून ठेवायचं काम नवऱ्याचं. मोठा दिवा लावायचा नाही, रात्री बाळाशी बोलायचं तेही हळू आवाजात. आधी तयार ठेवलेल्या या कोपऱ्याने आमची जेवढी झोप वाचवली तेवढी कुठल्याही यंत्राने वाचवली नाही.

दूध काढायच्या पंपाबद्दल सविस्तर लिहिते, कारण त्यावर नवव्या महिन्यात सगळेच विचारतात. आमचा विजेवर चालणारा आहे. चांगला आहे, तरी बाळ येण्याआधी तो घ्यायची घाई करू नये असं मला वाटतं. कामावर लवकर परतायचं नसेल आणि बाळ नीट पीत असेल तर पहिले आठवडे त्याची गरजच पडत नाही. घेतलात तर स्तनावर बसणाऱ्या नरसाळ्याचं माप आधी बघा. सोबत येणारं ठरावीक माप सगळ्यांना बसत नाही. मला लहान लागलं, आणि ते बदलल्यावर दुखायचं थांबलं, दूधही जास्त निघू लागलं. काही महिन्यांनी ओढ कमी झाली तेव्हा मोटर गेली असं वाटलं होतं, पण दोष रबरी झडपेचा निघाला. ती झिजते, बदलली की पंप पुन्हा पहिल्यासारखा चालतो. दूध नळीत जाऊ न देणारी बंद रचना असलेला पंपच घ्या, नाहीतर ओलाव्याने नळीत बुरशी धरते. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तास, फ्रिजच्या आतल्या भागात चार दिवस आणि डीप फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत चांगलं राहतं. डब्यावर तारीख लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

झोपायची जागा. आमच्या पलंगाला लागून ठेवायचा छोटा पाळणा एका मैत्रिणीकडून आला. बाळाला उताणं, कडक आणि सपाट गादीवर झोपवायचं, त्याच्या अंथरुणात उशी, रजई, मऊ खेळणी, कडेची गुबगुबीत गादी यांपैकी काहीही ठेवायचं नाही. १९९० च्या दशकात अनेक देशांनी बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम राबवली आणि झोपेत अचानक होणारे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. एवढं कारण मला पुरे होतं. किमान पहिले सहा महिने बाळाने आईवडिलांच्या खोलीत, पण स्वतःच्या अंथरुणावर झोपावं, अशी बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे, आणि अशा पाळण्यात ती सहज पाळता येते. मात्र बाळ पालथं पडू लागलं किंवा हातांवर उठू लागलं की तो बंद करावा लागतो. म्हणजे वापर काही महिन्यांचाच, म्हणून उसना मिळाला तर उत्तम. गादी आणि कड यांत फट नाही ना, सांगाडा डुगडुगत नाही ना, एवढं तपासा. दुपट्यात गुंडाळणंही पालथं पडायची चिन्हं दिसताच थांबवायचं, आणि गुंडाळताना पाय मोकळे हलायला हवेत, नाहीतर खुब्यांवर ताण येतो.

नॅपीचं सांगायचं तर दिवसा कापडी, रात्री तयार डायपर, हे गणित आम्हाला जमलं. सुरुवातीला दिवसाला दहा-बारा वेळा बदलावं लागतं. कापडी नॅपी बाळ येण्याआधी पाच-सहा वेळा धुऊन ठेवल्या होत्या, त्याशिवाय त्या नीट शोषत नाहीत. कपडे मऊ करणारं द्रव्य त्यांना लावलं तर शोषणं कमी होतं. पहिल्या दिवसांची काळी, चिकट शी कापडावरून लवकर निघत नाही, म्हणून तेवढे दिवस तयार डायपर वापरले. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त ओल्या नॅपी म्हणजे दूध पोचतंय, हा हिशेब वहीत ठेवल्याने मला फार धीर आला. अगदी लहान मापाचं एकच पाकीट पुरे, बाळं त्यातून भराभर बाहेर येतात.

कपड्यांत पुढून बांधायची झबली चांगली, डोक्यातून घालायचे नंतर. पाळण्यावर टांगायचं फिरतं खेळणं सुरुवातीला उपयोगाचं नाही. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपर्यंतचंच जरा स्पष्ट दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो तेवढंच.

डिजिटल थर्मामीटर नक्की घ्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त भरला तर घरगुती उपाय न करता थेट डॉक्टर. कार सीट वापरणार असाल तर ती मागे तोंड करून, आधीच गाडीत बसवून पट्ट्यांचा सराव करा. जाड कपड्यांवरून पट्टे लावायचे नाहीत, ते आवळल्यासारखे दिसतात पण धक्क्यात सैल पडतात. जिचा इतिहास माहीत नाही अशी जुनी सीट मी तरी घेणार नाही.

शेवटचं काम कागदावरचं. रात्रीचं कोण उठणार, कपडे कोण धुणार, कोणाला कधी बोलवायचं, सर्दी-खोकला असलेल्याला नम्रपणे नाही कोण म्हणणार, हे आम्ही आठव्या महिन्यात लिहून फ्रिजवर लावलं. त्याखाली एडिनबर्ग प्रश्नावलीची प्रत. १९८७ साली तयार झालेली ही दहा प्रश्नांची यादी बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला जगभर वापरतात. पहिल्या काही दिवसांत रडू येणं बहुतेक आयांना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही तर ते दुखणं आहे, आणि त्यावर उपचार आहेत. आम्ही दोघांनी बसून ती महिन्यातून एकदा भरली. तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला 'कधीच नाही' यापेक्षा वेगळं उत्तर आलं तर बेरीज न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, हे नवऱ्याने स्वतःच्या अक्षरात बाजूला लिहून ठेवलं होतं, खाली दवाखान्याच्या नंबरासह.