गिअर लिंकेजचा रबर बूट: बिलात नवा, खाली चिरून चिकटवलेला

जुन्या गाडीत गिअरचा रॉड पत्र्यातून आरपार जातो तिथे घड्यांचा एक रबर बूट असतो. तो बदलताना होणारी फसवणूक बहुतेक वेळा एकाच पद्धतीची असते. बिलावर लिहिलेलं असतं, "लिंकेज उतरवून नवा बूट बसवला." लिंकेज म्हणजे गिअरचा दांडा गिअरबॉक्सला जोडणारे रॉड आणि सांधे. मजुरीही तेवढीच लावलेली असते. प्रत्यक्षात लिंकेजला हातसुद्धा लागलेला नसतो. बूट उभा चिरून रॉडभोवती गुंडाळलेला, चीर सुपर ग्लूने चिकटवलेली आणि ती बाजू वर, नजर पोचणार नाही अशी फिरवलेली. त्यावर सिलिकॉन स्प्रे मारला की सगळं काळंभोर, नवंकोरं दिसतं.

असं करण्याचं कारण साधं आहे. बुटाचं लहान तोंड रॉडवर घट्ट बसावं म्हणून रॉडपेक्षा थोडं लहानच असतं आणि रॉडच्या टोकाचा जोडणारा भाग, म्हणजे कपलर किंवा बॉल जॉइंट, त्याहून बराच जाड असतो. म्हणजे टोक सोडवल्याशिवाय अखंड बूट चढत नाही. हे काम वेळ खातं, गाडीखाली आडवं पडून करावं लागतं, आणि पुन्हा जोडताना रॉड जरा फिरला तरी गिअर नीट पडत नाहीत. चिरून चिकटवणं मात्र काही मिनिटांत उरकतं.

सुपर ग्लू वाळल्यावर कडक होतो, रबर मात्र प्रत्येक गिअरला वाकतं. त्यामुळे जोड ग्लूच्या कडेला उकलतो. मग पाणी आणि धूळ थेट बुशवर, म्हणजे रॉडला आधार देणाऱ्या नळकांडीवर जाते. इंजिनाच्या बाजूचा बूट असेल तर धूरही आत शिरू शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणून हा प्रश्न नुसत्या पैशांचा नाही.

पकडायचं कसं? गाडी देण्याआधी रॉडचं टोक धरणाऱ्या क्लॅम्पच्या बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूवर पेंट मार्करने एक रेघ ओढा आणि फोटो काढा. बोल्ट खरंच सैल केला असेल तर रेघ तुटते, आणि पुन्हा कसल्यावर क्वचितच तंतोतंत जुळते. स्प्लिट पिन किंवा लॉकिंग वायर असेल तर ती नवी दिसली पाहिजे. जुनीच पिन, तिच्यावर जुनाच मळ, म्हणजे जोड उघडलाच नाही. मग आरसा आणि टॉर्च घेऊन बुटाची मागची बाजू बघा, घड्यांवरून बोट फिरवा. उभी कडक रेघ लागली की तो ग्लू. काही भागांसाठी मुळातच दुभंगलेला बूट मिळतो, उदाहरणार्थ फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या ॲक्सलसाठी. पण त्याला जोडाच्या दोन्ही पट्ट्या आणि छोटे स्क्रू असतात, त्याची गल्लत करू नका. आणि जुना बूट परत मागाच. तो काढताना फाटला असला तरी चालेल.

दुसरी फसवणूक सुट्या भागाची. "कंपनीचा जुना, न वापरलेला स्टॉक" म्हणून सीलबंद पाकिटातला बूट चढ्या भावाने विकला जातो. रबर पाकिटातही म्हातारं होतं. साठवणुकीच्या आयएसओ २२३० या मानकात नैसर्गिक रबराला ५ वर्षं, नायट्राइल आणि निओप्रीन या कृत्रिम रबरांना ७ वर्षं, ईपीडीएम या कृत्रिम रबराला १० वर्षं धरली आहेत. तपासणीनंतर थोडी वाढ मिळते. चाळीस वर्षं पडून राहिलेला बूट प्रदर्शनात ठेवायला ठीक, रोज वाकायला नाही. विकत घेण्याआधी घडी पूर्ण दुमडून ताणाच्या आडव्या बारीक भेगा बघा आणि पांढऱ्या फडक्याने पुसून चमक उतरते का ते बघा. कोणतं रबर आहे तेही विचारा. गिअरबॉक्सचं तेल लागणाऱ्या जागी नायट्राइल हवं. ईपीडीएम ऊन-वाऱ्यात उत्तम टिकतं, पण खनिज तेलात फुगतं.

प्रामाणिक काम असं चालतं. रॉड आणि कपलर यांची जुळणी खुणेने पक्की करायची, मग टोक सोडवायचं. पत्र्यातल्या भोकाची धारदार कड घासून बोथट करायची, गंज असेल तर रंग लावून वाळू द्यायचा. बूट सुमारे ६० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचा. रॉडच्या टोकाच्या आट्यांवर टेप गुंडाळायची, नाहीतर त्या आतून रबर कापतात. वंगण म्हणून साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस. पेट्रोलियम जेली आणि साधं ग्रीस नैसर्गिक रबर फुगवतं, तरी सर्रास वापरलं जातं.

खरा हट्टीपणा पत्र्याच्या भोकात बसणाऱ्या खाचेत असतो. एका बाजूने ढकललं की दुसरीकडून ती बाहेर येते. स्क्रूड्रायव्हरने कोंबली की रबराला छिद्र पडतं, आणि काही जण वैतागून आतली कडच कापून टाकतात. मग बूट थोड्याच दिवसांत निसटतो. त्यापेक्षा खाचेत ३-४ मिलिमीटरची मऊ दोरी गोल गुंडाळा, दोन्ही टोकं पत्र्याच्या पलीकडे घ्या. एकाने बूट दाबून धरायचा, दुसऱ्याने दोरी हळूहळू ओढायची; आतली कड पत्र्यावरून पलटत जाते. काच बसवणारे हीच युक्ती वापरतात.

गाडी ताब्यात घेताना रिव्हर्ससकट सगळे गिअर टाकून बघा आणि प्रत्येक टोकाला बुटाच्या घड्या सैल आहेत ना ते खालून पाहा. एखाद्या गिअरला बूट ताठ ताणला जात असेल तर तो रॉड मागे खेचतो आणि चालत्या गाडीत गिअर निसटू शकतो. तेव्हा बूट चुकीच्या लांबीचा आहे किंवा पिळून बसला आहे. हे सगळं बिल चुकतं करण्याआधी बघा.