पाच डॉलरचं कॅन्सस: १८७७ चं एक पत्रक आणि त्यात न छापलेला खर्च

अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन शहरात १८७७ साली कृष्णवर्णीय लोकांमध्ये एक पत्रक वाटलं गेलं. ज्यांना कॅन्ससला जायचं असेल त्यांना ५ सप्टेंबरला पाच डॉलरमध्ये जाता येईल, असं त्यावर ठळक छापलं होतं. खाली ठराव होते. वसाहतीचं सभासदत्व एक डॉलर, एकदम जमत नसेल तर २५ सेंटच्या हप्त्याने. कॅन्ससच्या ग्रॅहम काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) निकोडेमस या नव्या गावात सामील होऊन मोकळ्या जमिनीत शिरायचे पाच डॉलर. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि तीन विश्वस्त, असे सात पदाधिकारी. सगळं अगदी रीतसर.

या पत्रकातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य तपासलं तर खरं निघतं, म्हणूनच ते बारकाईने वाचायला हवं. सरकारी जमीन खरोखरच उपलब्ध होती. (ती 'मोकळी' कशी झाली, तर तिथल्या मूळ जमातींना हुसकावून. तेही पत्रकात नव्हतं.) फसवणूक झाली ती गाळलेल्या मजकुरातून.

पाच डॉलरमध्ये शेत मिळत नव्हतं. शेतासाठी १८६२ चा होमस्टेड कायदा होता आणि त्याचा हिशोब वेगळा. १६० एकर मिळत, पण सरकारी भूमी कार्यालयात स्वतः अर्ज करून. सगळी फी धरून सुमारे १८ डॉलर. सहा महिन्यांच्या आत जागेवर राहायला जायचं, पाच वर्षं राहून कसायचं, शेवटी दोन साक्षीदार उभे करायचे, मग मालकीचा कागद हातात. पाच वर्षं थांबायचं नसेल, तर एकरी सव्वा डॉलरने १६० एकरांचे २०० डॉलर. या कामाला कायद्याने मध्यस्थ लागत नव्हता. तरीही 'जागा दाखवण्याची' आणि 'कागद करून देण्याची' फी घेणारे दलाल त्या काळी नव्या काउंट्यांत होते, कारण ज्याला गुलामगिरीत अक्षरओळख होऊ दिली गेली नव्हती, त्याला कार्यालयाची खिडकी आणि दलालाची खुर्ची यांतला फरक कोणी सांगितला नव्हता.

निकोडेमस गाव वसवणाऱ्या कंपनीमागे डब्ल्यू. आर. हिल हा इंडियानाचा गोरा जमीन-प्रवर्तक होता. अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ आणि चिटणीस सायमन राउंडट्री हे मात्र कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. कंपनीवर विश्वास बसायला अशा नावांची मदत झाली. राउंडट्री तर स्वतः तिथे जाऊन राहिला, त्यामुळे त्याला हिलच्याच तराजूत तोलणं अन्यायाचं होईल. पण आपल्यातल्या माणसाचं नाव म्हणजे हिशोबाची हमी नव्हे.

सर्वांत महाग पडली ती तारीख. सप्टेंबरमध्ये तीनशेच्या आसपास माणसं रेल्वेने कॅन्ससमधल्या एलिस स्थानकावर उतरली आणि तिथून सुमारे ३५ मैल चालत गेली. गवताळ माळरानाची पहिली नांगरट वसंताच्या अखेरीस करतात. तेव्हा उलटलेली ढेकळं कुजतात आणि जमीन पेरणीजोगी होते. सप्टेंबरमध्ये आलेल्याला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दाणा मिळणार नाही, हे तिथल्या कोणत्याही शेतकऱ्याने सांगितलं असतं. म्हणजे वर्षभराचं धान्य जवळ हवं. शिवाय मुळांनी घट्ट विणलेली ती माती फोडायला खास नांगर आणि दमदार जनावरं हवीत. पुढच्या वसंतात साऱ्या वसाहतीत घोडे होते तीन. बाकीच्यांनी फावड्या-कुदळीने जमीन उकरली.

लाकूड फक्त सॉलोमन नदीच्या काठाने. त्यामुळे उतारात खड्डा खणून वर गवताच्या ढेकळांचं छप्पर, हीच घरं. सरपण म्हणजे वाळलेलं शेण आणि सूर्यफुलाची धाटं. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी मांस दिलं, म्हणून अनेक जण तगले. १८७८ च्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी पुढे सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे: निकोडेमस कुठे आहे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा नवऱ्याने जमिनीतून वर येणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं. त्या रडू लागल्या. आलेल्यांपैकी काही कुटुंबं माघारी फिरली.

एवढे लोक भुलले कसे, असं विचारणाऱ्याने आधी त्यांचं दक्षिणेतलं जिणं पाहावं. शेत मालकाचं, बी-बियाणं आणि किराणा दुकानदाराकडून उधार, त्यासाठी उभ्या पिकावर बोजा, आणि हिशोबाची वही दुकानदाराच्याच हातात. वर्षाअखेर बाकी शून्य किंवा उलटी. यादवी युद्धानंतर दक्षिणेत ठेवलेल्या संघराज्याच्या सैन्याचा आधारही १८७७ मध्ये गेला. त्याआधी २९ जून १८७४ ला फ्रीडमन्स बँक, म्हणजे गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांसाठीची बचत बँक, बुडाली होती. तिच्या पासबुकावर लिंकनचं चित्र होतं, सनद अमेरिकी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची होती, म्हणून लोकांनी ती सरकारची समजली. ठेवींना सरकारी हमी कधीच नव्हती. १८७० मध्ये नियम सैल करून तिला जमीनजुमल्याच्या तारणावर कर्जं देऊ दिली, वॉशिंग्टनच्या बड्या मंडळींनी ती उचलली, आणि १८७३ च्या मंदीत सारं कोसळलं. ६१,००० ठेवीदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले. ज्या कुटुंबाकडे एरवी बैलजोडीपुरते पैसे असते, त्यातल्या कित्येकांकडे आता फक्त पासबुक होतं.

१८७९ मध्ये लुझियाना आणि मिसिसिपीतून हजारो माणसं कॅन्ससच्या वाटेवरच्या सेंट लुईस शहरात पोहोचली, ती फुकट प्रवास आणि फुकट जमिनीच्या अफवेवर. अशी कोणतीही सरकारी योजना नव्हती. अफवा पसरली की भामटे मागोमाग येतातच. कॅन्ससच्या नावाने खोटी तिकिटं विकली गेली. त्याआधी दक्षिणेत रंगवलेल्या खुंट्या विकणारेही होते: या चार कोपऱ्यांत ठोका, आतली चाळीस एकर तुमची.

अशा कागदात रक्कम कितीची आहे याहून ती कशाची आहे, हे आधी शोधावं. प्लॉटची, सभासदत्वाची, प्रवासाची की मालकीची? मालकीचा कागद कोण देणार, कंपनी की सरकार? सरकार देणार असेल, तर तेच काम थेट कार्यालयात कितीला होतं? मग पहिलं पीक कोणत्या महिन्यात हाती येईल आणि तोवर खायचं काय? आणि आधी गेलेल्याचं पत्र मागावं, पण ते कंपनीच्या हातून आलेलं नको.

जे टिकले, त्यांनी निकोडेमस उभं केलं: शाळा, चर्च, दुकानं, वर्तमानपत्रं. मग रेल्वेची आशा आली. १८८७ मध्ये गावकऱ्यांनी मिसूरी पॅसिफिक या रेल्वे कंपनीसाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. ती रेल्वे आली नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकचा मार्ग नदीच्या पलीकडून गेला, तिथे बोग हे गाव वसलं आणि निकोडेमसचे व्यापारी दुकानं घेऊन तिकडे गेले. गावातल्या प्लॉटची किंमत रेल्वेच्या भरवशावर होती, ती त्याबरोबर ओसरली. ज्यांनी पाच वर्षं काढून १६० एकरांचा सरकारी कागद मिळवला होता, त्यांची जमीन मात्र रेल्वे कुठूनही गेली तरी त्यांचीच होती.