याकुशी-जीचे दोन पॅगोडे आणि १९०५ सालचं म्हणून विकलेलं चित्र

तोक्योत राहणाऱ्या, जुन्या जपानी चित्रांची आवड असणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहितेय. इथल्या जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने मला नारा इथल्या याकुशी-जी मंदिराच्या आवाराचं जलरंगातलं चित्र १,८०,००० येनांना विकलं. साल सांगितलं १९०५. त्याच वर्षी चित्रकार ओशिता तोजिरो यांनी ‘मिझुए’ हे जलरंगांचं मासिक काढलं, हौशी मंडळींना जलरंगांचं वेड लागलं आणि हे चित्र त्याच लाटेतलं, असं त्याचं म्हणणं. मासिकाची आणि वेडाची गोष्ट खरी आहे, म्हणूनच बाकीची थाप पचते.

चौकट काळवंडलेली, खिळे गंजलेले, मागे तायशो काळातलं (१९१२ ते १९२६) वर्तमानपत्र चिकटवलेलं. कोपऱ्यात रोमन अक्षरांत सही.

सही कोणाची हे शोधायला बसले, पण उत्तर मिळालं ते चित्रातल्या इमारतींत. चित्रात दोन पॅगोडे आहेत. याकुशी-जीचा पूर्वेचा पॅगोडा आठव्या शतकातला. छपरं सहा दिसतात, मजले मात्र तीनच. पश्चिमेचा १५२८ साली लढाईच्या आगीत जळाला आणि पुन्हा उभा राहिला तो थेट १९८१ मध्ये! १९०५ साली तिथे कागद-रंग घेऊन बसलेल्या माणसाला पश्चिमेला फक्त पायाचे दगड दिसले असते. माझ्या चित्रात तिथे शेंदरी खांब आणि हिरव्या गजांच्या खिडक्या आहेत. पूर्वेच्या पॅगोड्याला त्याच जागी पांढऱ्या भिंती आहेत, आणि रंगवणाऱ्याने तो फरकही नेमका टिपलाय. हात खरोखर चांगला आहे. या माणसाने स्वतःच्या नावाने चित्र विकलं असतं तरी मी ते आनंदाने घेतलं असतं, याचं फार वाईट वाटतं.

मग अतिनील टॉर्च मारून पाहिला. कागद निळसर पांढरा चमकला. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालतात ती रसायनं साधारण १९५० नंतरची. मागचं वर्तमानपत्र मात्र त्याच उजेडात मंद राहिलं. म्हणजे चौकट आणि वर्तमानपत्र जुनं, चित्र नवं.

व्यापाऱ्याने माझ्यापुढे पावती धरली. तीवर एवढंच होतं: ‘चित्र, चौकटीसह. परत घेतलं जाणार नाही.’ साल नाही, चित्रकार नाही. तोंडी आपण काही सांगितलंच नाही, असं तो म्हणाला. १८८ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारलं. दारावर येऊन विकलेल्या मालाचा करार ठरावीक मुदतीत मोडता येतो, पण स्वतः दुकानात जाऊन केलेल्या खरेदीला ती सोय नाही. खोटं सांगून विकलं म्हणायचं, तर हाती काही लेखी हवं. माझ्याकडे ते नव्हतं, त्यामुळे पैसे गेले.

तेव्हा पैसे मोजण्याआधी साल आणि ‘अस्सल’ हा शब्द पावतीवर लिहून मागा. लिहायला कां-कूं केली, तर तिथून निघा. दुकानात टांगलेल्या जुन्या वस्तूंच्या परवान्यावर विसंबू नका. तो विक्रीचा परवाना असतो, चित्राच्या खरेपणाची हमी नाही. या व्यापाऱ्याकडेही तो होता.

आणि चित्रातली इमारत कधी जळाली, कधी पुन्हा बांधली, हे आधी पाहा. क्योतोचं किन्काकु-जी, म्हणजे सोन्याचा वर्ख लावलेलं मंदिर, १९५० साली जळालं, १९५५ मध्ये पुन्हा उभं राहिलं. आगीच्या आधी त्याचा सोन्याचा वर्ख जवळजवळ झडून गेला होता. मेइजी काळातलं (१८६८ ते १९१२) चित्र म्हणून कोणी ते लखलखतं सोनेरी दाखवलं, तर वर्खाबद्दल नक्की विचारा.