पॅरो: मांडीवरचं यांत्रिक सील कुणासाठी घ्यावं, कुणासाठी नाही

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या माणसाचा हात मांजराच्या पाठीवरून फिरू लागला की येरझारा थांबतात, कपाळावरच्या आठ्या सैल होतात, हे वृद्धांची देखभाल करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. पण शुश्रूषागृहात मांजर ठेवणं सोपं नसतं. ॲलर्जी, ओरखडे, चावे, जंतुसंसर्ग आणि त्या जनावराचा स्वतःचा थकवा, सगळं सांभाळावं लागतं. ही अडचण समोर ठेवूनच पॅरो हा सीलच्या पिल्लासारखा दिसणारा रोबो बनवला गेला. ताकानोरी शिबाता यांनी जपानमध्ये १९९३ साली त्यावर काम सुरू केलं, २००५ मध्ये तो तिथे विक्रीला आला आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली.

रूप हार्प सील या बर्फाळ समुद्रातल्या प्राण्याच्या पांढऱ्या पिल्लाचं आहे आणि ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. कुत्रा-मांजर सगळ्यांच्या अंगवळणी पडलेले असतात. त्यांची यांत्रिक नक्कल समोर आली की माणूस लगेच खऱ्याशी ताडून बघतो आणि हिरमुसतो. सीलचं पिल्लू मांडीवर घेतलेलं कुणीच नसतं, त्यामुळे तुलनाच होत नाही.

हातात घेताच जाणवतं ते वजन. सुमारे पावणेतीन किलो, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या बाळाएवढं. मानेवरून हात फिरवला की डोकं वळतं, पापण्या अर्ध्या मिटतात, पुढचे वल्ह्यासारखे पाय हळूच हलतात आणि बारीक, किंचित रडवा आवाज येतो. केसांखाली स्पर्श ओळखणारे सेन्सर आहेत. उजेड, आवाज, तापमान आणि आपल्याला उचललंय की खाली ठेवलंय हेही त्याला कळतं. ज्या हालचालीनंतर कुरवाळलं गेलं ती तो पुन्हा करतो, ज्यानंतर चापटी बसली ती टाळतो. एकाच नावाने हाक मारत राहिलं तर हळूहळू त्या नावाला प्रतिसाद देऊ लागतो. पण नाव सगळ्यांनी मिळून एकच ठरवायला हवं. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरंच, असं झालं तर तो शिकणार काय?

आता उपयोगाचं. ऑस्ट्रेलियातल्या २८ शुश्रूषागृहांत डिमेन्शियाच्या ४१५ रहिवाशांवर झालेली मोठी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला चालू पॅरो, दुसऱ्याला यंत्रणा बंद केलेला पॅरो आणि तिसऱ्याला फक्त नेहमीची देखभाल, असे तीन गट होते. आठवड्यातून तीनदा, १५ मिनिटं, १० आठवडे. चालू पॅरोशी लोक जास्त बोलले, त्याच्याकडे जास्त वेळ पाहत राहिले. अस्वस्थता मात्र नेहमीच्या देखभालीपेक्षा कमी झाली तरी बंद पॅरोच्या तुलनेत फरक ठळक दिसला नाही. घेणाऱ्याने हा निकाल नीट वाचावा. शांत करण्याच्या कामात बराचसा वाटा मऊ केसांचा आणि मांडीवरच्या वजनाचा आहे. मोटारी आणि सेन्सर यांची भर पडते ती बोलतं करण्यात. शिवाय त्या चाचणीत शेजारी बसून संवाद पुढे नेणारं कुणी नव्हतं. न्यूझीलंडमधल्या ४० रहिवाशांच्या अभ्यासात १२ आठवड्यांनंतर पॅरोच्या गटातला एकाकीपणा कमी झालेला आढळला, आणि तिथल्या पाळीव कुत्र्यापेक्षा पॅरोशी लोक अधिक बोलले, हेही नोंदलं गेलं.

वापरायची रीत अशी. टीव्ही बंद करा. आवाजाच्या गोंगाटात पॅरो सगळीकडे मान वळवत राहतो आणि समोरच्या माणसाला वाटतं, याचं माझ्याकडे लक्षच नाही. दोघांचेही हात धुवा. पॅरो आधी टेबलावर, माणसाकडे तोंड करून ठेवा. हात आपणहून पुढे आला तरच मांडीवर द्या. पाय कृश असतील किंवा गुडघे दुखत असतील तर खाली उशी घ्या. पंधरा-वीस मिनिटं पुरे. शेजारी बसून हळूच विचारा, तुमच्या घरी कोणती जनावरं होती? गोठा, शेळ्या, दाराशी येणारी मांजर, काहीही निघू द्या. या गप्पांसाठीच तर तो मांडीवर ठेवायचा. काढून घेताना हातातून ओढू नका. ‘आता याला झोपवूया’ म्हणत त्यांच्याच हातांनी टोपलीत ठेवू द्या. ‘हा जिवंत आहे का?’ असं विचारलं तर खोटं बोलू नये. ‘यंत्राचा आहे, पण हात फिरवला की त्याला कळतं’ एवढं उत्तर पुरतं.

सर्वात जास्त फसगत होते ती पॅरो दिवसभर दिवाणखान्यात चालू ठेवल्याने. दोन-तीन आठवड्यांत त्याच्याकडे कुणी बघत नाही आणि त्याच्या आवाजाने इतरांचीच चिडचिड होते. काहींना तो पोरकट वाटतो, काहींना भीती वाटते. अशांना आग्रह करू नये. आणि एखाद्याला त्याचा इतका लळा लागतो की परत देताना रडू येतं. अशा माणसाची वेळ ठरावीक ठेवा आणि ती कधी चुकवू नका.

चार्जर बाळाच्या चोखणीसारखा आहे, तो तोंडात बसवायचा. केसांना जंतुरोधक प्रक्रिया केलेली आहे, तरी पॅरो पाण्यात बुडवून धुता येत नाही. प्रत्येक माणसानंतर उत्पादकाने सांगितलेल्या पुसायच्या फडक्याने केसांच्या मुळापर्यंत पुसून पूर्ण वाळू द्यावा लागतो. उघडी जखम, जुलाब किंवा त्वचेचा संसर्ग असलेल्या माणसाला बरं होईपर्यंत देऊ नका. ही शिस्त पाळायला माणूस नसेल तर मांजराऐवजी पॅरो आणून संसर्गाचा धोका टळला असं समजू नये.

खऱ्या कुत्र्याचं जे देणं आहे त्यातलं बरंच पॅरोकडे नाही. कुत्रा माणसाला रोज घराबाहेर काढतो, चालायला लावतो, रस्त्यात चार माणसांशी बोलायला लावतो. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक वाढतं, हे २०१५ मध्ये जपानच्याच संशोधकांनी दाखवलं. आणि जनावराला आपली गरज असते. त्याचं खाणंपिणं आपल्यावर अवलंबून आहे, या जाणिवेने एकटा माणूस सकाळी अंथरुणातून उठतो. म्हणून चालता-फिरता, स्मृती शाबूत असलेल्या आजी-आजोबांसाठी पॅरो घेऊ नका. घरात कुणाचा हातभार असेल तर त्यांना शांत स्वभावाचं, वय झालेलं मांजर किंवा कुत्रा द्या. पॅरो आहे तो मधल्या किंवा पुढच्या टप्प्यातल्या डिमेन्शियासाठी, जिथे जनावराला हात जोरात लागण्याची भीती असते किंवा जनावर आणायला मनाईच असते.

तो महागडा आहे. त्यामुळे आधी दोन आठवडे तेवढ्याच वजनाचं मऊ, केसाळ खेळणं घेऊन, याच रीतीने, याच वेळी बसा. रोज तीन गोष्टी लिहून ठेवा: येरझारा किती वेळ थांबल्या, हात किती वेळ फिरत राहिला, आपणहून किती वाक्यं बोलली गेली. पहिल्या दोन सुधारल्या आणि एवढंच हवं असेल तर खेळण्यावरच भागतं. माणूस शांत झाला पण गप्पच राहिला, तर पॅरो काही दिवसांसाठी मागवून तिसऱ्या रकान्यात काय फरक पडतो ते बघा.