मॉर्टन न्यूरोमासाठी मेटाटार्सल पॅड : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

उजव्या चवड्यात, तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मधल्या फटीपाशी, थोडे चालले की जळजळ सुरू होई आणि दोन्ही बोटांच्या आतल्या कडा बधिर होत. बुटात खडा गेला आहे असे वाटे. बूट काढून चवडा चोळला की कळ ओसरत असे. मेटाटार्सल पॅड, म्हणजे चवड्याच्या हाडांना खालून आधार देणारी छोटी गादी, मी याच दुखण्यासाठी घेतले, त्यामुळे आधी निदानाविषयी लिहिणे आवश्यक आहे.

अस्थिरोगतज्ज्ञांनी एका हाताने चवडा दोन्ही बाजूंनी आवळला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्या फटीवर खालून दाब दिला. आत काहीतरी ‘कट्’ करून सरकले आणि नेमकी तीच कळ उठली. ही मुल्डरची चाचणी होय. शिरेवरची (म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतूवरची) सूज एक्स-रेमध्ये दिसत नाही. तो हाडाला बारीक तडा नाही ना, एवढे पाहण्यासाठी होता. रक्तातील साखर आणि बी-१२ जीवनसत्त्वही तपासले, कारण त्या कारणांनी येणारी बधिरता बहुधा दोन्ही पायांच्या बोटांच्या टोकांपासून सुरू होते, एका फटीपुरती राहत नाही. अखेर सोनोग्राफीने निदान पक्के झाले. फिलाडेल्फियाचे शल्यविशारद थॉमस मॉर्टन यांनी १८७६ मध्ये वर्णिलेला हा विकार कर्करोग नव्हे. चवड्याच्या हाडांच्या टोकांजवळ दाबल्या जाणाऱ्या शिरेभोवती तंतुमय ऊती जाड होतात, इतकेच.

पॅडचे काम त्या हाडांना थोडे उचलून एकमेकांपासून दूर करणे हे आहे. म्हणूनच ते दुखऱ्या जागेखाली ठेवायचे नसते. तिथे ठेवल्यास शिरेवरचा दाब उलट वाढतो. त्याची पुढची कड दुखऱ्या जागेच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला यावी लागते. जागा ठरवण्यासाठी मी दुखऱ्या ठिकाणी ओले कुंकू लावून बुटातल्या सोलवर उभा राहिलो आणि उमटलेल्या ठिपक्याच्या मागे पॅड चिकटवले. वेष्टनावरच्या चित्रापेक्षा ही पद्धत कितीतरी भरवशाची आहे. पहिले काही दिवस तळव्याखाली उंचवटा खुपला, नंतर त्याचे भान राहिले नाही.

अरुंद टोकाच्या बुटात मात्र हे पॅड जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण वरून बोटे आवळली गेली तर खालून दिलेला आधार काय करणार? पुढून रुंद आणि टाच सपाट असलेले बूट घेतल्यावरच खरा फरक पडला, आणि सुधारणेचे निम्मे श्रेय मी बुटांनाच देईन. आता सकाळचा फेरफटका मध्येच बूट न काढता पूर्ण होतो. जळजळ क्वचितच होते. बोटांच्या कडांची बधिरता कमी झाली आहे, पण गेलेली नाही.

फेल्टचे पॅड काही आठवड्यांत चपटे होते आणि पावसाळ्यात चपलेवर त्याचा गोंद टिकत नाही. बोटात अडकवायचे सिलिकॉनचे पॅड घरात अनवाणी चालताना सोयीचे, कारण आपल्याकडे दिवसाचा बराच वेळ फरशीवरच जातो. मात्र त्याखाली घाम साचतो आणि ते रोज धुवावे लागते. बाहेर फेल्ट आणि घरात सिलिकॉन, अशी विभागणी मला मानवली आहे.

दुखणे न थांबल्यास स्टेरॉइडचे इंजेक्शन हा पुढचा पर्याय डॉक्टरांनी सांगितला होता. ते वारंवार घेतल्यास तळव्याखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते. शस्त्रक्रियेत शीरच काढली, तर त्या फटीतली बधिरता कायमची राहते. सध्याच्या स्थितीत मला दोन्हींची गरज वाटत नाही. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झालेल्यांनी मात्र हे पॅड डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, कारण त्याने त्वचा घासली गेली तरी त्यांना ते कळणार नाही.