जुन्या ॲक्रिलिकवर नवी फिल्म चढवून विकतात, टँक करणाऱ्यांनी सावध राहा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणी घरच्या घरी प्रवाळांचा छोटा टँक करायच्या विचारात असेल, तर शीट घेण्याआधी हे वाचा. फुटकं ॲक्रिलिक (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) घेण्यात वावगं काहीच नाही. कोपरा उडालेली, ओरखडे पडलेली शीट कापून घेतली की दोन फूट लांब, एक फूट उंच टँक बऱ्याच कमी पैशांत उभा राहतो. मी त्यासाठीच गेलो होतो. मला गंडवलं ते दुसऱ्याच गोष्टीत.

भंगारातल्या शीट विकणारा एक जण आहे. "कोपरे तेवढे फुटलेत, बाकी माल कास्ट हाय. घ्या की साहेब, काय होत नाही," म्हणाला, आणि 'सहा मिमी कास्ट ॲक्रिलिक' (कास्ट म्हणजे साच्यात ओतून केलेलं) असं व्हॉट्सॲपवरही पाठवलं. दोन्ही बाजूंना, नव्या शीटला ओरखडे पडू नयेत म्हणून असते तशी, कोरी फिल्म होती.

2020 मध्ये दुकानांत, दवाखान्यांत काउंटरवर ॲक्रिलिकचे आडपडदे लागले होते, आठवत असेल. ते सतत सॅनिटायझरने पुसले जात. अल्कोहोल ॲक्रिलिकला सोसत नाही. कापलेल्या कडा, भोकं, वाकवलेला भाग, जिथे जिथे शीटमध्ये ताण असतो तिथे केसासारख्या चिरा पडतात. त्यावर पॉलिश घासलं की वरवर पाहणाऱ्याला त्या दिसत नाहीत. माझ्या गळ्यात मारलेला माल हाच होता. फिल्म सोलल्यावर स्टिकरचा डिंक निघाला, आणि ज्याला तो 'फुटका कोपरा' म्हणत होता ती पैसे सरकवायची खाच होती, अर्धी कापलेली.

जोडताना सगळं उघडं पडलं. सिरिंजने सांध्यात क्लोरोफॉर्म, म्हणजे ॲक्रिलिकच्या कडा विरघळवून जोडणारं द्रावण, सोडलं (खिडक्या सताड उघडून, हे काम कोंडलेल्या खोलीत करू नका) तसं समोरच्या शीटवर पांढरं जाळं उमटत गेलं. मागची शीट तर कडेला चिकट लगदा झाली. ती ॲक्रिलिक नव्हतीच, पॉलिस्टायरिन या दुसऱ्याच प्लास्टिकची होती. तरी सांधे वाळू दिले आणि अंगणात साधं पाणी भरून पाहिलं. समोरची शीट खालपासून वरपर्यंत तडकली.

साधं पाणी होतं म्हणून निभावलं. हेच घरात, मीठ घालून 1.025 घनतेला आणलेलं पाणी, आत झोॲन्थस आणि मशरूम ही मऊ प्रवाळं, शेजारी हीटर आणि पंपाच्या वायरी असत्या तर? पन्नास लिटर म्हणजे पन्नास किलो खारं पाणी जमिनीवर आणि विजेच्या बोर्डाजवळ. पैसे गेल्याचा राग आहेच, पण अशी शीट टँकसाठी म्हणून विकणं हा जिवाशी खेळ आहे, आणि गिऱ्हाईक टँक करणार हे त्याला माहीत होतं.

घेताना फिल्म समोरच सोलायला लावा. नाही म्हणाला तर तिथून निघा. कारखान्याची फिल्म कडेपर्यंत सपाट बसलेली असते, नंतर चिकटवलेल्या फिल्मखाली धूळ आणि हवेचे फुगे अडकतात. शीट आडवी धरून कडेकडून टॉर्च मारा, चिरा चमकतात. पॉलिस्टायरिन ओळखायला लिटरभर पाण्यात दीडशे ग्रॅम मीठ विरघळवा आणि शीटचा कपचा टाका. ॲक्रिलिक बुडतं, पॉलिस्टायरिन तरंगतं. कपच्याला बुडबुडा चिकटलेला नको, नाहीतर फसगत होते.

याच माणसाने 'टँकमध्ये शोभेल' म्हणून पांढऱ्या प्रवाळाची फांदीही दाखवली होती. तिला हात लावू नका. खडक बांधणारी सगळी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडाही त्यातून सुटत नाही.

पैसे मागायला गेल्यावर "तुम्ही गोंद चुकीचा वापरला" हे उत्तर मिळालं. बिल त्याने दिलंच नव्हतं, पण 'कास्ट ॲक्रिलिक' लिहिलेला मेसेज आणि यूपीआयची नोंद माझ्याकडे आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. कुणाला अशाच शीट मिळाल्या असतील तर तुकडे टाकून देऊ नका, फोटो काढून ठेवा आणि तुम्हीही तक्रार करा.