विंडोजसोबत लिनक्स: एकाच डिस्कवर, वेगळ्या डिस्कवर की विंडोजच्या आत?

विंडोज १० चा नियमित पाठिंबा (सुरक्षा अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसलेल्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे टॅलीसारख्या कामापुरते विंडोज ठेवून इंटरनेटसाठी लिनक्स मिंट ही मोफत संगणक प्रणाली वापरावी, असे आपण संगणकातले फारसे न कळणाऱ्या मित्राला सुचवतो. सल्ला रास्तच आहे. मात्र दोन प्रणाली बसवण्याचे तीन मार्ग आहेत आणि त्यांतला सर्वांत स्वस्त मार्गच पुढे मित्राला मदतीसाठी आपल्याला सर्वाधिक फोन करायला लावतो.

तो मार्ग म्हणजे एकाच डिस्कचे विभाजन करणे. यात खर्च शून्य, पण विभाजन करताना चुकीचा पर्याय निवडला तर सगळ्या फायली पुसल्या जातात. पुढच्या अडचणी बारीक असल्या तरी नवख्याला घाबरवणाऱ्या आहेत. सुरुवातीच्या यादीत लिनक्स पहिले असल्याने विंडोजचे अपडेट अर्ध्यावर संगणक पुन्हा सुरू करते, तेव्हा समोर लिनक्स उघडते; विंडोजची ‘फास्ट स्टार्टअप’ ही लवकर सुरू होण्याची सोय चालू राहिल्यास विंडोजच्या फायली लिनक्समधून नुसत्या वाचता येतात, बदलता येत नाहीत; आणि हार्डवेअरमधली वेळ लिनक्स जागतिक, तर विंडोज स्थानिक मानत असल्याने विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडू शकते. तिन्हींवर सेटिंगमध्ये उपाय आहेत. ऑगस्ट २०२४ मधल्या एका विंडोज अपडेटने मात्र काही संगणकांवरचे लिनक्स सुरूच होईनासे झाले होते, आणि अशा वेळी मित्राच्या हाती काहीच नसते.

वेगळ्या एसएसडीवर लिनक्स बसवताना विंडोजची डिस्क काढून ठेवली, तर ती पुसली जाण्याची शक्यताच उरत नाही आणि प्रत्येक प्रणाली आपापल्या डिस्कवरून सुरू होते. एवढ्यासाठी २५० जीबी पुरे. अनेक लॅपटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कला जागा नसते, एवढीच अडचण.

व्हर्च्युअलबॉक्स या संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये लिनक्स विंडोजच्याच एका खिडकीत चालते, म्हणून शिकण्यास सर्वांत सोपे. पण ८ जीबीपेक्षा कमी रॅमवर ते रखडते. शिवाय खाली पाठिंबा संपलेले विंडोजच इंटरनेटला जोडलेले राहते, म्हणजे मूळ हेतूच फसतो.

माझ्या मते डेस्कटॉपसाठी निःशंकपणे वेगळी डिस्क घ्यावी. लॅपटॉपवर विंडोज ११ आणि पुरेशी रॅम असेल, तर व्हर्च्युअलबॉक्स निवडावे. विभाजन तेव्हाच करावे, जेव्हा बसवून देणारा हाकेच्या अंतरावर राहतो. आणि तेव्हाही आधी फायलींची प्रत बाहेर काढून, बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून मित्राच्या हाती द्यावी.